आगोटीचा सहावा वाटा

(वेसावे कोळीवाडा, मुंबई. ज्येष्ठ महिन्यातील अखंड हरिनाम सप्ताह, पाचव्या दिवसाची कीर्तनसेवा. ध्वनिमुद्रणावरून.)



मायबाप हो, आत्ता आपण जगद्गुरू तुकोबारायांचा अभंग म्हटला. तुम्हा सगळ्यांना तो पाठ आहे, म्हणून चरण पुन्हा म्हणत नाही, अर्थाकडे वळतो. महाराज प्रापंचिक माणसाला दोन कामं सांगतात. एक, धन जोड. दुसरं, धन खर्च कर. आता हे सांगायला संत कशाला पाहिजे? जोडतो तर सगळेच, आणि खर्चायला तर कुणी शिकवावंच लागत नाही! पण महाराजांनी दोन्ही कामांना एकेक अट घातली. जोडताना व्यवहार चोख पाहिजे आणि खर्चताना मन त्यात अडकलेलं नको. या दोन अटींवर आज सेवा करायची आहे.

हाच अभंग आज का घेतला, ते सांगतो. दुपारी मेट्रोनं वर्सोव्याला उतरलो. सरकारी कागदावर वर्सोवा, तुमच्या तोंडी वेसावे. मंडळाचा मुलगा घ्यायला आला होता. त्याला म्हटलं, सरळ मंडपात नेऊ नकोस बाबा, आधी बंदरावर ने. गेलो. काय बघितलं? एरवी जिथं पाय ठेवायला जागा नसते, बर्फाचा चुरा, टोपल्या, टेम्पो, आरडाओरड, तिथं आज सामसूम. होड्या शाकारून ठेवलेल्या. वलांड्या रिकाम्या, एक बोंबील नाही. दोन म्हातारे नाखवा जाळं शिवत बसले होते, तेवढीच काय ती हालचाल. एक जूनला मासेमारी बंद झाली, ३१ जुलैपर्यंत बंद. जूनचे ३० आणि जुलैचे ३१. एकसष्ट दिवस दर्या बंद.

आणि तरी संध्याकाळी मंडपात पंगत बसली. चारशे पानं उठली. मी स्वतःशी म्हटलं, हा चमत्कार नाही का? कमाई बंद, आणि चूल चालू! हे कशानं झालं? आगोटीनं झालं. आगोट हा शब्द पुण्याकडच्या पोथीत मिळायचा नाही, तो तुमचा आहे. पाऊस लागायच्या आत घरात तांदूळ, मीठ, मसाला, लाकूडफाटा, सुकी मासळी भरून ठेवायची. मी माळकरी माणूस, तुमची मासळी मला चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही बावीस वर्षं माझ्यासाठी वेगळी चूल मांडता. पण मासळी खात नसलो तरी तुमची आगोट मला कळते. आमच्या जुन्नरकडं शेतकरी कणगी भरतो, तुम्ही आगोट भरता. धर्म एकच.

आता साधा हिशेब. घाबरू नका, चौथीच्या मुलाचा हिशेब आहे. वर्षाचे महिने किती? बारा. दर्या किती महिने चालू? दहा. म्हणजे दहा महिन्यांच्या कमाईवर बारा महिने जेवायचं. मग प्रत्येक रुपयातलं किती बाजूला पडलं पाहिजे? (श्रोत्यांतून उत्तर) बरोबर ताई, सहावा भाग. सहा रुपये आले की पाच आजचे, एक पावसाचा. एवढं केलं तर दोन महिने तसंच जेवता येतं जसं बाकी दहा महिने जेवता. यात वादळाचे दिवस धरले नाहीत, इंजिन बिघडलं ते धरलं नाही, आजारपण धरलं नाही. ही नुसती किमान गोष्ट.

गंमत बघा. जुन्या शास्त्रात राजा प्रजेच्या उत्पन्नातला सहावा भाग घ्यायचा. तुमच्या घरात तो राजा कोण? पाऊस! तो कर मागायला दरवर्षी येतो, तारीख सांगून येतो. ज्यानं सहावा वाटा काढून ठेवला तो राजाला देऊन मोकळा. ज्यानं नाही ठेवला, त्याच्या दारात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दुसराच राजा येतो. तो वहीवर अंगठा घेतो. व्यापाऱ्याची उचल घेतली की पुढच्या हंगामाची मासळी पाण्यात असतानाच विकली गेली. भाव तो सांगेल तो. मग ऑगस्टमध्ये नारळ सोडून होडी पाण्यात घालायची, जाळं तुमचं, घाम तुमचा, आणि मासा त्याचा.

टॉवरमधली मंडळी मागं बसलीत, त्यांना वाटतंय हे कोळ्यांचं चाललंय, आपल्याला काय! आपला पगार एक तारखेला बँकेत येतो. थांबा. कोळ्याची बंदी कॅलेंडरात छापून येते. तुमची येत नाही. सन २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली ती कुणाच्या कॅलेंडरात होती? तुमच्यातले किती जण तेव्हा घरी बसले, अर्ध्या पगारावर आले, आणि घराचा हप्ता मात्र पूर्ण होता! पगार पन्नास हजार आणि बांधलेले हप्ते पंचेचाळीस हजाराचे, त्या माणसाला श्रीमंत म्हणायचं की गरीब? तो एका पगाराच्या अंतरावर उभा आहे, बस. कोळ्याची सून निदान आगोट भरते. तुम्ही कुठं भरता?

विठ्ठल विठ्ठल! (नामगजर)

बरं, आता पहिली अट, व्यवहार चोख. चोख म्हणजे चोरी न करणं एवढंच नाही. आपला पैसा कुठून आला आणि कुठं गेला हे ठाऊक असणं म्हणजे चोख. इथं नाथबाबांची गोष्ट आठवते. एकनाथ महाराज देवगडावर जनार्दन स्वामींच्या सेवेत होते. स्वामी किल्ल्याचे अधिकारी, हिशेबाचं काम नाथांकडं. एका रात्री जमाखर्चात एक पै जुळेना. एक पै हो! रुपयाच्या १९२ पै. आजचा माणूस म्हणाला असता, सोडा हो, लिहा किरकोळ म्हणून. आपल्या सगळ्यांच्या वहीत सगळ्यात मोठं खातं हेच असतं, किरकोळ! नाथ रात्रभर दिव्याशी बसले. पहाटे चूक सापडली आणि आनंदानं टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. काय झालं रे एका? पै सापडली. स्वामी म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, हीच एकाग्रता देवाकडं लागली तर काय होईल!

ही गोष्ट आम्ही कीर्तनकार नेहमी दुसऱ्या टोकाकडून सांगतो, पै सोडा आणि देव धरा. पण माउली, मला वयाच्या साठीनंतर तिचं पहिलं टोक दिसायला लागलं. स्वामींनी पै शोधल्याबद्दल नाथांना रागावलं नाही. ज्याला पै शोधता येते त्यालाच देव शोधता येईल, असा त्यांचा कौल आहे. ज्याचं चित्त घरच्या वहीत थांबत नाही, ते पंढरपूरच्या बारीत तरी कसं थांबेल?

आता माझीच गोष्ट सांगतो. इथं बसून दुसऱ्याला शहाणपण शिकवायचं आणि आपलं झाकून ठेवायचं, हे मला जमत नाही. माझ्या थोरल्या मुलीचं लग्न. कीर्तनकाराच्या मुलीचं लग्न म्हणजे लोकांच्या अपेक्षा, आणि त्याहून मोठ्या माझ्या. बाराशे पत्रिका छापल्या. मंडळी म्हणाली, साधं करा महाराज. मी म्हटलं, नाही, गावजेवण पाहिजे. पैसे होते का? नव्हते. एक लाख काढले, शेकडा तीन रुपयांनी. शेकडा तीन महिन्याला, बरं का, वर्षाला नाही! महिन्याला तीन हजार नुसतं व्याज. तीन वर्षं फेडत होतो. तीन वर्षांत एक लाख आठ हजार व्याज गेलं आणि मुद्दल जागच्या जागी. या मंडपात त्याग सांगायचा, आणि बिदागी खिशात घालून सावकाराच्या ओट्यावर जायचं. पोरीनं एकदा विचारलं, बाबा, माझ्यासाठी घेतले होते का ते? मला खोटं बोलवलं नाही. तिच्यासाठी पाच-पंचवीस हजारांत झालं असतं. बाकीचे माझ्यासाठी घेतले होते. आज मला कुणी विचारलं की त्या पंगतीत भाजी कोणती होती, तर मला आठवत नाही. (हशा) हसा. पण शेवटी ती जमीन विकली तेव्हा मुद्दल फिटलं, आणि तेव्हा मी हसत नव्हतो.

महाराजांची दुसरी अट इथं लागते. खर्चताना मन अडकू नये. माझं मन पंगतीत अडकलं नव्हतं, लोक काय म्हणतील यात अडकलं होतं. तुमच्याकडची हळद मी बघितली आहे. बँडवाले, मंडप, तीन-तीन रात्री. आनंद करू नका असं मी म्हणणार नाही. कोळ्याच्या घरचा आनंद मोठ्यानंच होतो, दर्याशेजारी राहणाऱ्याचा आवाज लहान कसा असेल! आणि शास्त्रही नको म्हणत नाही. ऐका शास्त्र काय म्हणतं.

श्रीमद्भागवताच्या आठव्या स्कंधात बळीराजाची कथा आहे. वामन बटू आला, तीन पावलं जमीन मागितली. बळी म्हणाला, अरे, माझ्याकडं येऊन तीन पावलं मागतोस? बेट माग! बटू म्हणाला, ज्याला तीन पावलांत समाधान नाही, त्याला बेट दिलं तरी दुसऱ्या बेटाची इच्छा होईल. शुक्राचार्यांनी ओळखलं हा कोण आहे. ते शिष्याच्या कानाशी लागले, देऊ नकोस. आणि तिथं शुक्राचार्यांनी धनाची वाटणी सांगितली. धनाचे पाच भाग करावेत. एक धर्मासाठी. एक यशासाठी, म्हणजे नावलौकिकासाठी. एक अर्थासाठी, म्हणजे धनानं धन वाढवायला. एक कामासाठी, म्हणजे स्वतःच्या सुखभोगासाठी. आणि एक स्वजनांसाठी. असा वाटणारा इथंही सुखी आणि तिथंही सुखी.

पुढं काय झालं ते पोरंसोरंही सांगतील. झारीच्या तोटीत शुक्राचार्य बसले आणि वामनानं दर्भाची काडी घातली, डोळा गेला. दान अडवायला गेले म्हणून त्यांचा डोळा गेला खरा, पण त्यांचा हिशेब चुकला नव्हता हो! बळीची गोष्ट वेगळी. त्याच्या दारात साक्षात भगवान उभा होता, त्यानं सर्वस्व दिलं ते शोभलं. आपल्या दारात कोण उभं असतं? मंडपवाला. त्याला सर्वस्व द्यायचं कारण नाही.

बघा, शास्त्रानं नावलौकिकालासुद्धा एक वाटा काढून दिला. हळदीचा बँड त्या वाट्यातून वाजवा, खुशाल वाजवा. भांडण तेव्हा लागतं जेव्हा एक वाटा उठून बाकीच्या चौघांना खातो. जाळ्याचे पैसे हळदीत गेले. आईच्या मोतीबिंदूचे पैसे मोबाइलमध्ये गेले. पोराच्या फीचे बाटलीत गेले. हे शेवटचं मी मुद्दाम मोठ्यानं म्हणतोय, मंडपाबाहेर उभे आहेत त्यांना ऐकू जावं म्हणून.

आता शास्त्रानं पाच वाटे सांगितले आणि तुमच्या दर्यानं सहावा लावला. आधी पावसाचा काढा, मग उरलेल्याचे पाच करा. पाचही सारखे पाहिजेत असा अर्थ घेऊ नका, ज्याच्या घरी लेकरं शिकतायत त्याचा स्वजनांचा वाटा मोठा होणारच. पण एकही वाटा शून्य नको. होडीवर तुम्ही हेच करता की! मासळी आली की आधी डिझेल-बर्फाचा खर्च निघतो, मग होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा, खलाशाचा. कुणी म्हणतं का, आज जाळ्याला काही नको? म्हणालात तर पुढच्या वर्षी फाटकं जाळं घेऊन जाल. दर्यात ज्याला वाटे कळतात त्याला घरात का कळू नयेत?

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! (नामगजर)

आता कुणी म्हणेल, महाराज, म्हणजे साठवत बसा हाच तुमचा परमार्थ का? नाही. साठवणाऱ्याचीही कथा भागवतातच आहे, अकराव्या स्कंधात, तेविसावा अध्याय. नाथबाबांनी तिच्यावर फार सविस्तर लिहिलं आहे. अवंती नगरीत, म्हणजे आजच्या उज्जैनला, एक ब्राह्मण होता. शेती आणि व्यापार करून गडगंज झाला. पण कसा? पाहुण्याला पाणी नाही, गोड शब्दसुद्धा नाही. बायकोला नीट नेसायला नाही, मुलांना खायला नाही. अहो, स्वतःसुद्धा पोटभर जेवायचा नाही! पाचांतले पाचही वाटे बंद, आणि नुसती तिजोरी. त्याला काय वाटत होतं? आपण सुरक्षित आहोत. कुणाचं देणं नाही, घरात सोनं आहे, आणखी काय पाहिजे? मग एकेक जायला लागलं. काही नातेवाइकांनी नेलं, काही चोरांनी, काही दैवानं, काही काळानं, काही राजानं. आणि सगळं गेल्यावर तो वळून बघतो तर मागं कुणी नाही. बायको तोंड बघेना, मुलं ओळख देईनात. ज्या दिवशी पैसा गेला त्या दिवशी धरायला एक हात नव्हता, कारण तो हात त्यानं आयुष्यभर रिकामा पाठवला होता.

आणि मग त्या माणसाला वैराग्य आलं. धनाच्या मागं पंधरा अनर्थ येतात, चोरी, हिंसा, खोटेपणा, दंभ, काम, क्रोध, गर्व, वैर, अविश्वास, अशी मोजदाद तिथं आहे. तो भिक्षू झाला, लोकांनी छळलं, अंगावर थुंकले, तरी शांत राहिला. हे सगळं माहात्म्य मोठं. पण मला त्या कथेतला एकच क्षण जास्त खुपतो, वळून बघितल्यावर कुणी नसणं. बँकेत पैसे असतील आणि रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर दार वाजवायला शेजारी नसेल, तर त्याला काय म्हणायचं?

आणखी एक घोटाळा आमचेच लोक करतात, तो दुरुस्त करतो. मी पंधराव्या वर्षी आळंदीला गेलो, जोग महाराजांच्या संस्थेत. चार वर्षं माधुकरी मागितली. झोळी घेऊन जायचं, मिळेल ते देवाला दाखवून खायचं. एकदा मी आणि माझ्या सोबत्यानं विचार केला, उद्या पाऊस आहे, आजच दोन दिवसांचं मागून ठेवू. ठेवलं. दुसऱ्या दिवशी भाकरीला बुरशी आणि कालवणाला वास. आमचे गुरुजी काही बोलले नाहीत, फक्त ती झोळी इंद्रायणीवर नेऊन आमच्याकडून धुऊन घेतली. भागवतातही अवधूत मधमाशीकडून हेच शिकतो. भिक्षूनं साठवू नये. पण हे वाक्य कुणासाठी आहे? भिक्षूसाठी! ज्याला लेकरं नाहीत, म्हातारे आईबाप नाहीत, भाडं नाही. संन्याशाचं वाक्य उचलायचं आणि गृहस्थाच्या गळ्यात बांधायचं, देव देईल म्हणायचं आणि मे महिन्यात सगळं उडवायचं, हा परमार्थ नाही, हा आळस आहे. अवधूताचाच आणखी एक गुरू आहे, मासा. जिभेच्या चवीपायी गळाला लागतो. गळाचं आमिष मी तुम्हाला शिकवायला नको! तरी दामदुप्पटीवाला आला की तुमच्याच गल्लीतली माणसं पहिली रांगेत. जो बँकेच्या दुप्पट व्याज कबूल करतो, त्याच्या हातात काठी आहे आणि दोरीच्या टोकाला तुम्ही आहात.

समाधान म्हणजे काय मग? कमी मिळवणं नव्हे. दर्यावर पहाटे तीनला जाणाऱ्याला कमी मिळव सांगणारा मी कोण? समाधान म्हणजे पुरे हा शब्द वेळेवर आठवणं. हंगाम चांगला गेला, हातात चार पैसे आले, त्या दिवशी हा शब्द आठवला पाहिजे. वाईट दिवशी तर तो आठवून उपयोगच नाही, तेव्हा संपलेलंच असतं.

आणि एक सांगतो, हे उपाशी माणसाला सांगायचं नाही. ज्याच्या घरी चूल पेटली नाही त्याला समाधान ठेव म्हणणं हे पाप आहे. तुकोबारायांच्या काळात, १६३० च्या सुमारास दुष्काळ पडला. घरात सावकारी, महाजनकी, दुकान, सगळं बसलं. पहिली बायको अन्न अन्न करीत गेली, मुलगा गेला. महाराजांनी हे भोगलं आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात उपाशी लोकांना काय प्रवचन दिलं? काही नाही. कोठाराचं कुलूप काढलं. ज्याला मिळतच नाही त्याला वाटा द्यायचा, उपदेश नाही.

आणि तुकोबारायांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली, ती कोणाची? नीट ध्यानात घ्या. भावाचा, कान्होबाचा अर्धा वाटा आधी भावाला दिला. मग स्वतःच्या वाट्याची खतं बुडवली. आपलं लोकांकडचं येणं बुडवलं, लोकांचं आपल्याकडचं देणं नाही बुडवलं! पतपेढीचा हप्ता थकवून तुकोबांचं नाव घेणारे मी पाहिलेत, म्हणून सांगतो.

आता उत्तररंग आटोपता घेतो, वेळ होत आली. इथलीच दोन घरं सांगतो, गल्ली सांगत नाही, नाव तर नाहीच.

एक नाखवा. कष्टाळू, देवभोळा, दरवर्षी एकवीरेला पायी जाणारा. तीन हंगाम चांगले गेले. दुसरी होडी काढली, कर्जानं. पोराची हळद केली, तीही कर्जानं. मग २०२० चा मार्च. बाजार बंद. लगेच ३ जूनला निसर्ग वादळ, आणि दुसऱ्या वर्षी मे महिन्यात तौक्ते. नांगरलेली होडी फुटली. तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, महाराज, माझं काय चुकलं? देवानं असं का केलं? मायबाप हो, माझ्याकडं उत्तर नव्हतं. वादळ कुणाची वही बघून येत नाही. समाधानी माणसाचीही होडी फुटते. ज्यांनी दोन पैसे राखले होते त्यांच्याही फुटल्या. एवढंच म्हणता येईल की एक होडी फुटली असती तर एकाच होडीचं दुःख असतं. त्याच्यावर दोन होड्यांचं आणि तीन रात्रींच्या हळदीचं एकदम कोसळलं. त्याला मी हे त्या दिवशी बोललो नाही. आज बोलतोय, कारण तो आज इथं बसलाय आणि त्यानंच सांगितलं, बोला महाराज.

दुसरं घर एका मावशीचं. नवरा गेला तेव्हा पदरी दोन मुली. पहाटे बंदरावर लिलावात माल घ्यायचा, डोक्यावर पाटी, चार बंगल्याच्या बाजूला विकायचा. होडी नाही, जाळं नाही. घरी आली की कमरेची पिशवी सोडायची आणि तीन डबे. एकात उद्याचा माल घ्यायचे पैसे, तो डबा मुलगी आजारी पडली तरी उघडायचा नाही, कारण तो संपला तर पाटीच संपली. दुसरा घराचा. तिसरा पावसाचा. त्यात कधी दहा रुपये पडायचे, कधी दोनशे, कधी काहीच नाही, पण झाकण रोज उघडायचं. मी तिला विचारलं, मावशी, रोज कशाला उघडायचं, जेव्हा टाकायला काही नसतं तेव्हासुद्धा? तर म्हणाली, सवय मोडते महाराज.

टाळेबंदीत त्या नाखवाच्या घरी तांदूळ कुणी पाठवले? सरकारी रेशन यायच्या आधी, पहिल्या आठवड्यात? हिनं पाठवले. मुलीच्या हातून, रात्रीच्या अंधारात, कुणी बघू नये म्हणून. नाखवाच्या मालकिणीनं मला हे सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कारण जुनी गोष्ट अशी, की त्या हळदीत या मावशीला बोलवायचं राहून गेलं होतं. बाराशे माणसं आली, आणि शेजारची राहिली.

काल सप्ताहाच्या अन्नदानाची वर्गणी घेत होते. मंडळाची मुलं बसली होती वही घेऊन. मोठमोठ्या रकमा येत होत्या, लोक देऊन पुढं जात होते. ही मावशी आली, पदरातून अकराशे रुपये काढले, दोनदा मोजून दिले. मुलगा म्हणाला, ठीक आहे मावशी, लिहितो नंतर. ही हलेना. म्हणाली, मना पावती पायजे. मुलगा हसला, म्हणाला, देवाला दिल्याची पावती कशाला? ती म्हणाली, देवाला नको रे, माझ्या वहीला पायजे.

मी शेजारी बसलो होतो. मला त्या क्षणी देवगडावरचा दिवा दिसला. पावती मीच माझ्या हातानं लिहून दिली.

परवा तुमच्यातले बरेच जण आळंदीला पालखीसाठी निघणार आहेत. काल्याचा प्रसाद घेतल्याशिवाय कुणी जायचं नाही. आणि वर्गणी दिलेल्या ज्यांच्या पावत्या राहिल्यात, त्यांनी त्या टेबलावरून घेऊन जाव्यात. बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!